अनुभव सांगा : तुमच्या स्वप्नासाठी सहकाऱ्यांनी काय केलं?

मागच्या वर्षी मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. पहाटेचा सराव जमला तो शेजारच्या टेबलावरच्या मॅडममुळे. चार महिने त्यांनी माझ्या मुलीला स्वतःच्या मुलाबरोबर शाळेत सोडलं. शुभेच्छा सगळेच देतात. स्वतःची सोय मोडून कुणी तुमच्यासाठी काही केलं असेल, तर ते लिहा. ऑफिसच्या कामातली मदत नको, त्याबाहेरची.

मुक्कामी गाडी :
मी एसटीत वाहक. राज्यसेवेचा अभ्यास करतो. मुक्कामाच्या गावी आमचे चालक स्टोव्ह पेटवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, तुम्ही पुस्तक उघडा, भाताचं मी बघतो." भांडीही तेच घासायचे. पूर्व परीक्षा निघाली, मुख्य राहिली. पुन्हा बसतोय.

स्टाफरूम :
आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींचं शिक्षण आठवीत लग्न होऊन सुटलं. दहावी व्हायची इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. एकदा फळा पुसता पुसता त्या वर्गसमीकरण वाचत थांबल्या, ते गणिताच्या सरांनी पाहिलं. तिथून सुरुवात झाली. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरायला जुना दाखला हवा होता. मुख्याध्यापकांनी त्यांच्या गावच्या शाळेत चार वेळा फोन केला, शेवटी सुट्टीत स्वतः जाऊन तो आणला. मधल्या सुट्टीत अर्धा तास गणित, शाळा सुटल्यावर इंग्रजी. त्या वेळात घंटा द्यायचं काम मी घेतलं होतं. मावशींना सगळ्यात जास्त भीती वाटायची ती स्वतःच्याच शाळेत, पोरांसमोर नापास होण्याची. म्हणून ही गोष्ट आम्ही निकालापर्यंत स्टाफरूमबाहेर जाऊ दिली नाही. गणितात त्यांना ४१ मिळाले. त्या दिवशी सर डबा न उघडता नुसते बसून होते.

नाइट ड्युटी :
मी पुण्यात सिस्टर आहे. आळंदी ते पंढरपूर पूर्ण वारी चालायची होती, पण एवढी रजा एकदम कोण देणार? वॉर्डातल्या सहा जणींनी माझ्या नाइट वाटून घेतल्या. दिवे घाटाच्या दिवशी त्यातल्या दोघी रात्रपाळी संपवून, हँडओव्हर देऊन थेट आल्या आणि सासवडपर्यंत माझ्याबरोबर चालल्या. पायाच्या फोडांना लावायला पट्ट्याही त्यांनीच आणल्या होत्या. त्यांच्या नाइट मी दिवाळीपर्यंत फेडत होते, आणि ते करताना एकदाही जड वाटलं नाही.

धागाकर्ती :
@स्टाफरूम, मावशींना सांगा, बारावीही १७ नंबरने देता येते.

स्टाफरूम :
दहावीला दोन वर्षं झाली, त्यामुळे या वर्षी फॉर्म भरलाय. मराठी, इतिहास आम्ही सांभाळू. अर्थशास्त्र मात्र आमच्यात कुणालाच येत नाही. रविवारी तासभर फोनवर शिकवेल का कुणी?