राजाच्या व्यक्तिचित्रात थाट कुठला आणि माणूस कुठला?

प्रश्न:
फ्रेंच चित्रकार यासेंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेलं फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचं चित्र अभ्यासते आहे. मुकुट, राजदंड, तलवार ही राजेपणाची चिन्हं कळतात. पण त्यातून राजाचा स्वभाव वाचता येतो का?

उत्तर १:
आधी पदाचं काय आणि माणसाचं काय ते वेगळं करा. एर्मिनचं (पांढऱ्या फरचं) अस्तर लावलेला, लिलीच्या फुलांचा निळा झगा, उशीवरचा मुकुट, कमरेची ‘ज्वायूझ’ ही फ्रेंच राजांची तलवार हा राज्याभिषेकाचा सरंजाम आहे. गादीवर दुसरा कोणी असता तरी हेच रंगवलं असतं. स्वभाव शोधताना हे बाजूला ठेवा.

मग उरतं ते पाहा. राजदंड उलटा धरलाय, टोक उशीवर टेकवून, हातातल्या काठीसारखा. एवढी पवित्र वस्तू इतक्या सहज हाताळणं हीच सत्तेची खूण. झगा मागे सारून पाय मुद्दाम दाखवलेत. लुई तरुणपणी दरबारी बॅलेत नाचायचा. १६५३ मध्ये अशाच एका बॅलेत तो उगवता सूर्य झाला होता. साठी उलटल्यावरही पायांची ठेवण नर्तकाचीच आहे. चेहरा मात्र वयाचा आहे: गाल ओघळलेले, ओठ आत गेलेले. रिगोने राजाला समोर बसवून चेहरा छोट्या कॅनव्हासवर रंगवला आणि नंतर मोठ्या चित्रात बसवला. खरा चेहरा आणि रचलेली देहबोली यांतला हा सांधा मला चित्रातली सर्वांत बोलकी जागा वाटते.

उत्तर २:
आकार विसरू नका. कॅनव्हास २७७ सेंमी उंच आहे, मोबाइलवर त्याचा दबदबा उरत नाही. शिवाय क्षितिजरेषा खाली असली की आपण राजाकडे मान वर करून बघतो. चित्रकार व्हॅन डाइकने इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सला शिकारीच्या चित्रात असंच उंच केलंय. चार्ल्स ठेंगणा होता, म्हणून घोड्याची मानही खाली झुकवली.

उत्तर ३:
सरंजाम नसला तरी रुबाब येतो, हे स्पॅनिश चित्रकार वेलास्केसकडे बघून पटतं. त्याच्या चित्रात स्पेनचा राजा चौथा फिलिप काळ्या पोशाखात, साधी ताठ कॉलर, एका हातात कागद, दुसरा तलवारीच्या मुठीवर. मुकुट नाही. स्पेनच्या दरबारात संयम हीच प्रतिष्ठा होती. पायांजवळ नीट पाहिलंत तर आधीच्या रेषा रंगाखालून डोकावतात. उभं राहण्याची ढब वेलास्केसने नंतर बदलली.

एक धोका: राजांच्या चित्रांच्या बऱ्याच प्रती चित्रकाराच्या कार्यशाळेत होत. प्रतीतला चेहरा नकलेची नक्कल असतो, त्यावरून स्वभाव ठरवू नका.