‘ओपन ॲक्सेस’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

आमच्या महाविद्यालयातल्या संशोधकांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये एक धोरण आणले. या विभागांच्या पैशावर झालेल्या कामाचा शोधलेख नियतकालिकाने स्वीकारला, की दोन आठवड्यांच्या आत त्याची अंतिम स्वीकृत प्रत सर्वांना वाचता येईल अशा डिजिटल भांडारात जमा करायची. लेख असा सर्वांसाठी खुला ठेवणे म्हणजे ‘ओपन ॲक्सेस’ आणि त्याची ही सक्ती म्हणजे ‘मँडेट’. सांगायचे एवढेच आहे. पण हाती आलेल्या मसुद्यात ‘सार्वजनिक अनुदानित संशोधनासाठी खुला प्रवेश जनादेश’ असे लिहिले आहे. मलाच ते दोनदा वाचावे लागले. चांगला पर्याय सुचवाल का?

उत्तर

ताई, यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मराठी वाचकाला भलतीकडे नेतो. आपल्याकडे ‘प्रवेश’ म्हणजे ॲडमिशन. ‘खुला प्रवेश’ म्हटले की खुल्या प्रवर्गातून मिळालेली जागा आठवते, ‘मुक्त प्रवेश’ म्हटले की नाशिकचे मुक्त विद्यापीठ. ‘जनादेश’ मतदार देतात. संशोधकावर येते ती अट. पैसे घेतले म्हणून पाळायची अट, इतके साधे आहे ते.

‘अनुदानित’ही टाळा. महाराष्ट्रात अनुदानित–विनाअनुदानित हा शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न आहे आणि त्यापायी लोकांची उमेदीची वर्षे गेली आहेत. त्या शब्दावर दुसरा अर्थ चढणार नाही. ‘सरकारी निधीतून झालेले संशोधन’ म्हणा. मला विचाराल तर ‘जनतेच्या पैशातून झालेले’ अधिक खरे आहे, कारण अटीमागचे कारण त्यातच येते : पैसे ज्यांचे, त्यांना वाचता आले पाहिजे.

उत्तर

मी ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून एक शब्द सुचवतो : मुक्तद्वार. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणाऱ्या पद्धतीला आम्ही ‘मुक्तद्वार पद्धत’ म्हणत आलो. तिच्या उलट बंदिस्त पद्धत : खिडकीशी चिठ्ठी द्या, पुस्तक आत आहे, पण हात लावायचा नाही. आज पैसे भरल्याशिवाय न उघडणारा शोधलेख हा त्याच खिडकीचा प्रकार आहे.

शब्द ग्रंथालयापुरताही नाही. गावच्या सप्ताहात ‘मुक्तद्वार भोजन’ असते. तिथे कोण कुठला, हे विचारत नाहीत. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे एक डॉक्टर माझ्याकडे एक लेख मागायला आले होते. संशोधन आपल्याच देशातले, रुग्णही इथलेच, आणि लेख उघडायला परदेशी प्रकाशक पैसे मागत होता. आमच्या ग्रंथालयाची वर्गणी नव्हती. ते रिकाम्या हाताने परत गेले, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

विचारणा

‘मुक्तद्वार’ मनात बसला. पण मग नुसते ‘मोफत’ का म्हणू नये?

उत्तर

कारण मोफत आणि मुक्त यांत अंतर आहे. ‘ओपन ॲक्सेस’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात लेख वाचण्याबरोबरच तो उतरवून घेणे (डाउनलोड), त्याच्या प्रती काढणे, वाटणे, छापणे हेही धरले आहे. लेखकाचे श्रेय आणि लेखाचा अभंगपणा तेवढा राखायचा. नुसते वाचू दिले तर मोफत. लेखाचा मराठी अनुवाद करून वर्गात वाटू दिला, तर मुक्त. आपल्यासारख्यांना हा दुसरा हक्क मोलाचा आहे.

केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना पाहा. सरकारी संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी केंद्रच एकत्र भरते. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, सुमारे ६,३०० सरकारी संस्था. विद्यार्थ्याला एक पैसा पडत नाही. ही फार मोठी सोय आहे, ती नाकारत नाही. पण तिला मुक्तद्वार म्हणता येणार नाही. ते डॉक्टर आजही बाहेरच राहतील, कारण ते कुठल्याच सरकारी संस्थेत नाहीत. तिथे ‘सामायिक वर्गणी’ हाच शब्द चालेल.

आणि वाचकाला फुकट म्हणजे सगळ्यांनाच फुकट, असेही नाही. काही नियतकालिके लेखकाकडून ‘प्रकाशन शुल्क’ घेतात. ‘नेचर’ने २०२० मध्ये ते ९,५०० युरो जाहीर केले, म्हणजे आठ लाख रुपयांच्या वर. त्यामुळे स्वीकृत प्रत स्वतः भांडारात ठेवण्याचा मार्ग पत्रकात ठळक सांगा, तिथे लेखकाला शुल्क पडत नाही. इंग्रजीत त्याला हिरवा म्हणतात, पण ‘हरित’ लिहू नका, लोकांना झाडे दिसतील.

उत्तर

‘भांडार’ ठीक आहे, पण बोलताना सगळे ‘रिपॉझिटरीत टाका’च म्हणतात. एकदा कंसात देऊन टाका. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे नाव किती सहज रुळले! ‘प्रबंध शोधगंगेवर टाकला’ म्हणताना कुणी अडत नाही.

विचारणा

शेवटचा शब्द : एम्बार्गो. प्रकाशक लेख काही महिने रोखून धरतो, त्याला ‘राखीव काळ’?

उत्तर

नको, ‘राखीव’ लगेच आरक्षणाकडे जाईल. ‘प्रतीक्षाकाळ’ घ्या, त्यात निदान वाट पाहणारा वाचक दिसतो. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २००८ च्या नियमात तो १२ महिन्यांपर्यंत होता. १ जुलै २०२५ पासून काढून टाकला आहे.

उत्तर

मला ‘रोखकाळ’ बरा वाटतो. वाट पाहणे आपखुशीचे असते, इथे अडवलेले आहे. शिवाय लहान आहे.

विचारणा

‘रोखकाळ’मध्ये रोख पैसे ऐकू येतात हो, म्हणून ‘प्रतीक्षाकाळ’च घेते. सध्या वाक्य असे झाले आहे : ‘जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा लेख मुक्तद्वार ठेवणे ही निधीची अट आहे. लेख स्वीकारल्याचे पत्र आले की दोन आठवड्यांच्या आत स्वीकृत प्रत भांडारात (रिपॉझिटरीत) जमा करा. प्रकाशकाने प्रतीक्षाकाळ घातला असला, तरी प्रत आधीच जमा करून ठेवा; काळ संपला की ती खुली होईल.’ उद्या छापायला देते आहे. कुठे खटकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.