प्रतिसाद: छताचं गणित आणि जुन्या भिंती

‘अल्गोरिदम (आकार ठरवणारी संगणकी आकडेमोड) आला की जुन्या वास्तूशेजारी वेडीवाकडी वळणं उगवणार’ ही अनेकांची भीती अगदीच खोटी नाही, पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं ग्रेट कोर्ट, म्हणजे 2000 मध्ये काचेचं छत घालून खुला केलेला आतला चौक, बघा. चौक चौकोनी, त्यातलं 1857 चं वाचनगृह गोल, आणि तेही बरोबर मध्यावर नाही! वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीला या दोन्हींमध्ये काचेचं छत ताणायचं होतं. अभियंते ख्रिस विल्यम्स यांनी आधी छताच्या पृष्ठभागाचं समीकरण मांडलं. मग संगणकावर काचा धरणाऱ्या पोलादी जाळीचे सांधे त्या पृष्ठभागावर हळूहळू सरकवत, तोल साधेपर्यंत स्थिरावू दिले. काचा 3312, बहुतेक प्रत्येकीचं माप निराळं. हे हातानं काढायला बसलं असतं तर संपलंच!

मला मात्र खरी हुशारी कडेला दिसते. एवढ्या कमी उंचीच्या बाकदार छताचा रेटा जुन्या भिंतींना बाहेर ढकलणार. म्हणून ते कडेला सरकत्या टेकूंवर ठेवलंय. भिंतींवर फक्त वजन येतं, आडवा दाब नाही. वाचनगृहाभोवतीचे नवे खांबही दगडी आवरणाआड लपवलेत.

गंमत म्हणजे मोठी बोंबाबोंब छतावरून झाली नाही. झाली ती दक्षिणेकडच्या नव्या द्वारमंडपाला पोर्टलंड या इंग्लिश चुनखडीऐवजी फ्रेंच दगड वापरला म्हणून.