मदत हवी आहे: एक्सपीवरचा डॉस प्रोग्रॅम विंडोज ११ वर कसा चालवायचा? (आंब्याचा हिशेब)

नमस्कार मंडळी,

देवगडला आमची हापूसची बाग आहे. वाडीतल्या इतर बागायतदारांचा मालही आमच्याच गाडीतून वाशीला जातो. कुणाच्या किती पेट्या, किती डझनी, दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) काय आली, भाडं-हमाली वजा जाता कुणाला किती द्यायचे, हे सगळं काका फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या एका डॉस प्रोग्रॅमवर ठेवतात (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टिम). प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, नाही. आहे ती प्रोग्रॅम चालवणारी एक ईएक्सई फाइल आणि डीबीएफ (नोंदी) व सीडीएक्स (त्या नोंदींचे इंडेक्स) फाइलींनी भरलेलं फोल्डर.

मशीन एक्सपीचं आहे आणि खाऱ्या हवेने पार गंजलंय. पेट्या भरायला लागल्या की इथे कुणाला मान वर करायला सवड नसते, म्हणून मोहोर आहे तोवरच हे मार्गी लावायचंय.

नवा लॅपटॉप विंडोज ११ चा. फोल्डर जसंच्या तसं कॉपी केलं, तर 'हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. कम्पॅटिबिलिटी मोडने ढिम्म फरक पडला नाही. वाचून कळलं ते असं: ३२-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम नावाचा भाग असतो, तो प्रोसेसरच्या एका जुन्या मोडवर अवलंबून आहे, आणि प्रोसेसर ६४-बिटमध्ये गेला की तो मोड मिळतच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं. म्हणजे सेटिंग बदलून काही व्हायचं नाही.

मग डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या विंडोजवर डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्रॅम उघडला, नोंदीही दिसल्या. अडलंय ते छपाईवर. प्रोग्रॅम थेट एलपीटी१ वर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर छापतो, लॅपटॉपला ते पोर्ट नाही. यूएसबीची केबल लावली तर विंडोजला आमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिसतो, प्रोग्रॅमला नाही. पट्टी कागदावर हातात पडल्याशिवाय आमच्याकडे हिशेब मिटत नाही. काका म्हणतात, "माका जुनोच बरो." काय करावं?

खाडीकाठ, रत्नागिरी:
साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला आहे, धंद्याचा डेटा त्यावर ठेवू नका. 'व्हीडॉस' बघा. तो असल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमांसाठीच आहे आणि एलपीटी१ ची छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. रुंद पट्टी बारीक अक्षरात छापत असाल तर प्रोग्रॅम प्रिंटरला स्वतःचे कोड पाठवत असणार. ते तसेच पोचायला प्रिंटर 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हरने बसवा. फोल्डरचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता. डेस्कटॉपवर तर ठेवूच नका, सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी.

तांबडी माती:
दुसरा रस्ता: व्हर्च्युअलबॉक्समध्ये (हे सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या आतच दुसरं, व्हर्च्युअल मशीन चालवतं) ३२-बिट विंडोज १०. त्यात एनटीव्हीडीएम 'विंडोज फीचर्स'मधून चालू करता येतं. तिथे 'नेट यूज' कमांडने एलपीटी१ शेअर केलेल्या प्रिंटरला जोडायची जुनी युक्तीही चालते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा त्या व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट देऊ नका. आणि एक विचारतो, एकाच वेळी दोन मशीनवरून नोंदी करता का? तसं असेल तर फाइल लॉकिंगचा (एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा) प्रश्न येतो आणि मग हाच रस्ता बरा. डॉसबॉक्सच्या भरवशावर दोघांनी एकाच डीबीएफमध्ये लिहू नये, इंडेक्स बिघडतात.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. नोंदी एकटे काकाच करतात, त्यामुळे आधी व्हीडॉस घेतलं. पट्टी छापली गेली! सुरुवातीला उजवीकडचे रकाने खालच्या ओळीत उतरत होते, ड्रायव्हर बदलल्यावर जागेवर आले. जुन्या मशीनवर प्रोग्रॅम बंद करून मगच सगळं फोल्डर पुन्हा आणलं आणि प्रोग्रॅममधूनच रीइंडेक्स केलं, म्हणजे इंडेक्स नव्याने बनवले; गेल्या हंगामातली प्रत्येक बागायतदाराची बाकी दोन्हीकडे जुळते. काका अजून पट्ट्या भिंगाखाली धरून बघतायत, ते सोडा.

डीबीएफ लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही उघडतात. मी कॉपीवरच पाहिलं, तिथून सेव्ह केलं नाही. नावं सगळी इंग्रजी अक्षरांत आहेत, ती देवनागरीत हवी आहेत. तेव्हा पुढचा प्रश्न: कणकवली ते रत्नागिरी पट्ट्यात हा डेटा घेऊन नवा प्रोग्रॅम लिहून देणारं कुणी माहीत आहे का? घाई नाही, कॅनिंगचा आंबा संपल्यावर बसू. सोर्स कोड मात्र आमच्या हातात द्यायला हवा.