आठ रुपयांचं ताट आणि 'आमचा टॅक्स'

कोरडवाहू
काल बजेटच्या धाग्यावर पुणेरी पगारदार यांनी लिहिलं, "मुलं तुम्ही जन्माला घालायची आणि पोसायची आम्ही? अंगणवाडी, शाळेतली खिचडी, लाडकी बहीण, लेक लाडकी, सगळं बंद करा आणि रस्ते करा." वाचून रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझी आई एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. महिन्याच्या वजनाच्या दिवशी ती तुळईला काटा टांगायची आणि पोराला झोळीत बसवायची. पोर हातपाय झाडायचं, काटा हलत राहायचा, आणि तो थांबेपर्यंत आई त्याच्याशी काहीबाही बोलत राहायची. मग दंडाला पट्टी. पट्टी लाल भागात आली, म्हणजे दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरला आणि पोर अतिकुपोषित निघालं, की चारचौघींत आई एक शब्द बोलायची नाही. संध्याकाळी त्या पोराच्या घरी जायची.

अंगणवाडीतल्या साध्या पोराच्या आहाराला २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये दर ठरला. आठ! स्टँडवर कटिंग चहा येत नाही तेवढ्यात. लाडकी बहीणला माझा विरोध नाही. बाईच्या हातात महिन्याला १५०० रुपये आले, चांगलंच झालं. पण त्या योजनेला वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं २०२४ मध्ये सरकारनंच सांगितलं होतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये शाळेतलं आठवड्याचं एक अंडं परवडेना, ज्याचा वर्षाचा खर्च साधारण ५० कोटी होता. शाळेनं लोकवर्गणीतून करावं म्हणे. आईच्या खात्यात टाकताना लेकराच्या ताटातलं काढू नका, एवढंच माझं मागणं आहे.

पुणेरी पगारदार
तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. माझ्या पगारातून दर महिन्याला टीडीएस कापला जातो. मुलीची फी वर्षाला सव्वा लाख, ती मला कोण देतं? झेपेल तेवढंच म्हणून आम्ही एका मुलीवर थांबलो. हा हिशोब बाकीच्यांनी का करायचा नाही?

दोन लेकरांची आई
कोण देतं? जुन्या पद्धतीनं रिटर्न भरलं तर दोन मुलांच्या ट्यूशन फीवर वजावट मिळते. मीही घेतलीय, कित्येक वर्षं. त्याला कुणी फुकटेपणा म्हणालं नाही. आणि माझी भांडीवाली साबण, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचं रिचार्ज घेते तेव्हा जीएसटी भरतेच की. टॅक्स काय फक्त पगारातून कापला जातो का?

ऱ्हाइनकाठची
मी जर्मनीत राहते. इथे २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो आले. माझ्या साहेबालाही आणि आमच्या ऑफिसात झाडू मारणाऱ्या बाईलाही. मूल देशाचं, असंच धरतात.

पुणेरी पगारदार
तिथे पगारातून किती कापतात तेही सांगा मग.

ऱ्हाइनकाठची
भरपूर कापतात. कुरकुर मीही करते, पण पोरांच्या पैशांवरून नाही.

माळकरी सोलापूर
पैशाचं तुम्ही बघा. मला अंड्याबद्दल बोलायचंय. आमच्याकडे चार पिढ्यांची माळ आहे. पोषण म्हटलं की अंडंच का? शेंगदाण्याची चिक्की द्या, गूळ-फुटाणे द्या. ज्या पातेल्यात अंडी उकडली त्यातच माझ्या पोराची खिचडी शिजणार असेल तर मी डबा पाठवेन, पण मग तो एकटा बाजूला बसून खाणार, त्याचं काय?

खडू-फळा
मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. अंडं न खाणाऱ्याला केळं द्यायचं, हे सरकारच्या २०२३ च्या आदेशातच होतं. आमच्या ४१ पोरांत सहा केळंवाली. पातेलं वेगळं, आणि बसायची सगळी एकाच ओळीत. अंड्याच्या दिवशी, बुधवारी, गैरहजर कुणी नसायचं. सरकार अंड्यामागे ५ रुपये द्यायचं, बाजारात सात. वरचे दोन रुपये आम्ही दोघं मास्तर भरायचो. दुसरीतली एक मुलगी पिवळं तेवढं खायची नाही, वहीच्या कागदात बांधून दप्तरात ठेवायची. धाकट्या भावासाठी.

माळकरी सोलापूर
म्हणजे अंडं न खाणारा निर्दयी, असंच ना? आमच्या श्रद्धेवर दर वेळी अशी गोष्ट आणून टाकतात.

कोरडवाहू
तुमच्या माळेला कुणीही हात लावलेला नाही. पण तुमच्या घरात दूध-तूप आहे. पाड्यावरच्या घरात तेही नाही, आणि त्या आईनं मागितलेलं अंडं तुमच्या श्रद्धेपायी का थांबावं? तुम्ही चिक्की मागा, मी तुमच्या बाजूनं उभी राहते. तिचं अंडं अडवू नका.

माळकरी सोलापूर
केळं आणि पातेलं वेगळं असेल तर माझी हरकत नाही. पण हे आधी सांगायला हवं होतं.

पुणेरी पगारदार
अंड्यावर एवढे प्रतिसाद झाले, पैसा वाया जातो त्यावर एकही नाही. गावी चुलत्यांच्या गोठ्यात अंगणवाडीची तयार आहाराची पाकिटं शेळ्यांपुढे ओतलेली मी स्वतः पाहिलीत.

कोरडवाहू
हे मान्य करावं लागेल. ती पाकिटं पोरं तोंडात धरत नाहीत, आईसुद्धा वैतागायची. पण म्हणून योजना बंद करायची नसते, ताजं शिजवून द्यायचं असतं. आणि शिजवणाऱ्या बाईला नीट पैसे द्यायचे असतात. ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका-मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, तेव्हा तुमच्यापैकी किती जणांनी विचारपूस केली?

पुणेरी पगारदार
संपाचं मी वाचलं होतं, विसरलो. ठीक. ४६,००० कोटींपुढे ५० कोटींचं अंडं बंद करणं चूक होतं, एवढं मान्य. लाडकी बहीणबद्दल माझं मत तेच आहे.

खडू-फळा
या बुधवारी वर्गणीचे २३० रुपये जमले. ३५ अंड्यांचे २४५ आणि सहा केळ्यांचे ३०, असे २७५ झाले. वरचे ४५ मी घातले. पुढच्या बुधवारचे अजून जमायचेत.