प्रतिसाद: जंतुरोधक धाग्याचा आग्रह धरावा का?
वर विचारलंय की अक्कलदाढ काढल्यावर जंतुरोधक धाग्यानेच टाके घाला, असा हट्ट धरावा का. विचारा जरूर, पण अडून बसू नका.

या धाग्यांवर जंतुनाशकाचा लेप असतो: बहुधा ट्रायक्लोसानचा, काहींवर क्लोरहेक्सिडीनचा. ट्रायक्लोसान जिवाणूंचं मेदाम्लं बनवणारं एन्झाइम अडवतं, म्हणून धाग्यावर त्यांना बस्तान बसवणं अवघड जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये असे धागे सुचवले खरे, पण ती शिफारस सशर्त आहे आणि शस्त्रक्रियांबद्दल सरसकट आहे, खास दाढेसाठी नाही. तोंडाची गोष्टच न्यारी. तिथे लाळ आणि जंतू कायमचेच. शिवाय लेपाचा परिणाम धाग्याच्या आसपास, खाली हाडातल्या खड्ड्यात नाही.

आणखी एक गल्लत वरच्या चर्चेत दिसली. ड्राय सॉकेट, म्हणजे दाढ काढल्यावर खड्डा कोरडा पडून दुखणं, हे पू होणं नव्हे. त्यात खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटून किंवा विरघळून हाड उघडं पडतं. त्याला धागा काय करणार? तिथे सिगारेट बंद ठेवणं जास्त उपयोगी.

धाग्याबद्दल विचारायचंच तर त्याची वीण विचारा. पीळ घातलेलं रेशीम वातीसारखं लाळ आणि जंतू आत ओढतं; एकेरी, गुळगुळीत धाग्यात हे कमी होतं. (गाठीची टोकं मात्र गालाला टोचतात!)

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, ताप आला किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर धागा कोणताही असो, लगेच डॉक्टरांना दाखवा.