अनुभव धागा : गे बर्न तुम्हाला कसे भेटले?

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाने इथल्या साठी ओलांडलेल्या कोणाशीही तासभर गप्पा मारल्या, की एक नाव हमखास कानावर पडते, ते म्हणजे गे बर्न. इथली दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले असताना, जुलै १९६२ मध्ये, उन्हाळ्यापुरती भर म्हणून ‘द लेट लेट शो’ नावाचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला आणि मधला थोडा काळ सोडला तर २१ मे १९९९ पर्यंत, म्हणजे सुमारे सदतीस वर्षे, तो बर्न यांनीच चालवला. त्याच्या जोडीला सत्तरच्या दशकापासून १९९८ पर्यंत रोज सकाळी त्यांचा रेडिओवरचा कार्यक्रम असे. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, ते गेले.

मी चौदा वर्षे डब्लिनमध्ये राहते. त्यांच्याविषयी बोलताना डोळे भरून आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि नाव काढताच चेहरा घट्ट झालेलीही पाहिली आहेत. या देशाला बोलायला त्यांनी शिकवले, असे वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा लिहिले जाते. ते कितपत खरे आहे, हे मला ज्यांच्या घरात तो आवाज येत होता त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. म्हणून विनंती अशी की सासरच्या माणसांकडून, शेजाऱ्यांकडून, रुग्णांकडून, सहकाऱ्यांकडून तुम्ही जे प्रत्यक्ष ऐकले किंवा स्वतः पाहिले, तेवढेच लिहावे. निकाल देण्याची घाई नको.

निवृत्त डॉक्टर, आयर्लंडचा पश्चिम भाग

मी १९७६ साली नागपूरहून इथे आलो, तेव्हा पश्चिमेकडे एकच वाहिनी दिसत असे. पूर्व किनाऱ्यावर ब्रिटनचे कार्यक्रम पकडता येत, आमच्याकडे तेही नाही. दुसरी आयरिश वाहिनी १९७८ च्या नोव्हेंबरात आली. त्यामुळे शनिवारी रात्री निवासी डॉक्टरांच्या खोलीत, गावातल्या मद्यगृहात आणि पाद्रीबाबांच्या घरी एकच कार्यक्रम चालू असे, ही गोष्ट आज समजावून सांगावी लागते. बर्न यांचे मोठेपण मोजताना हे एकच दार होते, हे विसरू नये.

माझा अनुभव सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागातला आहे. तेव्हा गर्भनिरोधकांच्या विक्रीला कायद्याने बंदी होती. गोळी लिहून द्यायची झाली तर ती ‘पाळी नियमित करण्यासाठी’ म्हणून लिहिली जाई, आणि त्या कागदाच्या आधाराने आम्ही व रुग्ण दोघेही एकमेकांकडे न पाहता ते काम उरकत असू. शनिवारी बर्न यांच्याकडे असल्या विषयावर चर्चा झाली असेल तर सोमवारी एखादी बाई, सहा-सात लेकरांची आई, डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर घडी घालत म्हणे, “डॉक्टर, शनिवारी टीव्हीवर त्या बाया म्हणत होत्या, ते खरे आहे का?” तिला स्वतःविषयी काही विचारायचे नसे. ती टीव्हीवरच्या बायांविषयी विचारत असे. तेवढ्या आडोशाने ती बोलू शके आणि मला उत्तर देता येई. विदर्भातल्या माझ्या आईच्या पिढीतल्या बायकाही ‘शेजारच्या सुनेचं असं असं झालं’ म्हणून स्वतःचे दुखणे सांगत, त्याची मला हटकून आठवण येई.

आमच्या मेट्रनबाईंनी १९६६ ची हकिकत सांगितली होती. कार्यक्रमातल्या एका खेळात बर्न यांनी एका विवाहितेला पहिल्या रात्रीच्या झोपायच्या झग्याचा रंग विचारला, आणि बहुधा झगा घातलाच नव्हता असे ती हसत म्हणाली. क्लनफर्टच्या बिशपांनी लगेच निषेध केला, दुसऱ्या दिवशी प्रवचनातून तो विषय घेतला, आणि बर्न यांच्याकडून दिलगिरी निघाली. मेट्रनबाई हे सांगताना अजून आवाज खाली आणत.

परिचारिका, वृद्धाश्रम, मिडलंड्स

मी जिथे काम करते तिथून ग्रनार्ड फार दूर नाही. ३१ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या मरियामातेच्या गुहेपाशी ॲन लव्हेट ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी एकटीच बाळंत झाली. बाळ गेले आणि त्याच दिवशी तीही गेली. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९८३ मध्ये, गर्भपातबंदी राज्यघटनेत घालण्यासाठी देशाने मोठ्या बहुमताने कौल दिला होता.

त्यानंतर बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शेतात, गोठ्यात, न्हाणीघरात बाळंत झालेल्या, मूल गमावलेल्या, मूल काढून घेतले गेलेल्या बायकांनी पहिल्यांदाच कोणाला तरी ते लिहून कळवले होते. २३ फेब्रुवारीला तो संपूर्ण कार्यक्रम ही पत्रे वाचण्यासाठी दिला गेला. बर्न आणि त्यांचे सहकारी एकामागून एक पत्र वाचत राहिले. चर्चा नाही, तज्ज्ञ नाही, गाणे नाही.

आमच्याकडच्या एक आजी त्या सकाळी सोडा ब्रेडचे पीठ मळत होत्या. (यीस्टऐवजी खायचा सोडा आणि ताक घालून करायचा हा इथला घरोघरीचा पाव आहे, त्याचे पीठ फार थांबू देत नाहीत.) त्या मला म्हणाल्या की पहिले पत्र सुरू झाले तेव्हा हात पिठात होते, आणि संपूर्ण कार्यक्रम होईपर्यंत हात तसेच होते. बोटांवर पीठ वाळून त्याला भेगा पडल्या. हात धुवायला नळ सोडला असता तर एखादे वाक्य ऐकायचे राहिले असते, म्हणून त्यांनी नळ सोडला नाही. मग यजमानांची पावले वाजली तेव्हा कोपराने बटण फिरवून आवाज बंद केला. त्या दिवशी पाव झाला नाही. आजींनी स्वतःचे काय झाले होते ते मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पण हे सांगताना त्या उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने चोळत होत्या, जणू पीठ अजून निघायचे आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणे बरोबर होणार नाही. ॲनची बातमी ज्या रविवारच्या अंकात प्रथम आली, तो अंक आदल्या रात्री बर्न यांच्या हातात, दूरचित्रवाणीवर, देशासमोर होता. त्यांनी मथळा वाचला, त्यात फारसे काही विशेष नाही अशा अर्थाचे काही तरी म्हटले आणि ते पुढे गेले. ही गोष्ट मला खूप उशिरा कळली आणि कळल्यावर दोन दिवस डोक्यातून जाईना. तोच माणूस, तोच महिना. मला वाटते, बर्न यांना सुरुवातीला त्या मथळ्यात जे दिसले नाही ते त्या बायकांनी पत्रांतून त्यांच्यापुढे ठेवले. वाचून दाखवण्याचे श्रेय त्यांचे आहेच. दाखवून देण्याचे श्रेय बायकांचे आहे.

धागाकर्ती

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. २०१८ मध्ये तीच घटनादुरुस्ती रद्द करण्यासाठी सार्वमत झाले, तेव्हा प्रचाराच्या काळात असंख्य बायकांनी आपले अनुभव नाव न देता फेसबुकवर लिहिले. गर्भपात नाकारला गेल्यानंतर बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ साली गॉलवेच्या रुग्णालयात गेली, तिचे छायाचित्र त्या दिवसांत डब्लिनच्या भिंतीवर होते आणि त्याखाली लोक चिठ्ठ्या चिकटवून जात होते. माझ्या शेजारीणबाई ते सगळे पाहून एवढेच म्हणाल्या होत्या, “ही गे बर्नची पत्रंच आहेत. फक्त मधे आता गे नाही.”

संगणक अभियंता, गॉलवे

माझ्या सासूबाई आयरिश, कट्टर कॅथलिक, आणि बर्न म्हणजे त्यांचा शब्दशः घरचा माणूस. म्हणून मी लिहिते तो प्रसंग आमच्या घरात सोपा नव्हता.

गॉलवेचे बिशप ईमन केसी अतिशय लोकप्रिय होते. अमेरिकेतल्या ॲनी मर्फी यांच्यापासून त्यांना १९७४ साली झालेला मुलगा आहे आणि त्या प्रकरणात धर्मप्रांताचा पैसा वापरला गेला, हे मे १९९२ मध्ये उघड झाले आणि बिशपांनी पद सोडले. एप्रिल १९९३ मध्ये ॲनी मर्फी ‘लेट लेट’वर आल्या. मी ते चित्रण सासूबाईंशेजारी बसून पाहिले. समोरच्या रांगांतून बिशपांच्या बाजूचे लोक प्रश्न विचारत होते, आणि बर्न यांचेही प्रश्न असे होते की जणू त्या बाईनेच एका भल्या माणसाला जाळ्यात ओढले असावे. शेवटी निरोप देताना बर्न म्हणाले की तुमचा मुलगा वडिलांच्या निम्म्याने जरी चांगला निघाला तरी पुष्कळ झाले. त्यावर त्या बाई, मीही काही इतकी वाईट नाही, मिस्टर बर्न, असे म्हणून उठल्या आणि निघून गेल्या.

सासूबाईंनी रिमोटने चित्र तिथेच थांबवले. त्या म्हणाल्या, “तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. याच खुर्चीत.” नंतर त्या चहा करायला उठल्या आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून आल्याच नाहीत.

केसी २०१७ मध्ये वारले. २०२४ मध्ये आरटीई या इथल्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या माहितीपटातून, त्यांनी बालवयातल्या मुलींचे लैंगिक शोषण केल्याचे आरोप सविस्तर पुढे आले. बर्न यांना १९९३ मध्ये ते ठाऊक नव्हते, हे मान्य. पण समोर बसलेल्या बाईला ऐकण्यासाठी ते ठाऊक असण्याची गरज नव्हती. ज्या माणसाने नऊ वर्षांपूर्वी अनोळखी बायकांची पत्रे एक शब्द न बदलता वाचावी, त्याला एक बाई प्रत्यक्ष समोर येऊन, नाव सांगून, एका बिशपाविषयी बोलू लागली तेव्हा ते पेलले नाही. पत्रांतली बाई मुकाट सोसणारी होती. ही बाई पुस्तक लिहून आली होती, आणि मान खाली घालायला तयार नव्हती. माझ्या मते फरक तिथे पडला.

सासूबाई आजही त्यांना मानतात. मी वाद घालत नाही.

समाजकार्यकर्ती, डब्लिन

नोव्हेंबर १९९२ मध्ये क्रिस्टीन बकली या बाई बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमात आल्या आणि कॅथलिक नन्सनी चालवलेल्या गोल्डनब्रिजच्या अनाथालयात लहानपणी काय भोगले ते बोलल्या. त्यानंतर तशाच संस्थांत वाढलेल्या माणसांचे दूरध्वनी येत राहिले. सरकारने या मुलांची माफी मागितली ती मे १९९९ मध्ये, म्हणजे बर्न यांनी ‘लेट लेट’ सोडला त्याच महिन्यात. मी ज्यांच्याबरोबर काम करते त्यांतले एक सत्तरीचे गृहस्थ म्हणतात, की त्या सकाळी बर्न यांनी काय विचारले ते त्यांना मुळीच आठवत नाही. मधे मधे ते गप्प राहिले, हे मात्र आठवते.

अध्यापक, कॉर्क

थोडा विरोधी सूर लावतो. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, १९७३ मध्ये देश युरोपीय समुदायात गेला, त्याच वर्षी सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न होताच घरी बसवण्याचा नियम गेला. हे सगळे स्त्रियांच्या संघटनांनी, कामगार संघटनांनी, कोर्टात गेलेल्या सामान्य माणसांनी रेटून घडवले. मार्च १९७१ मध्ये स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका बर्न यांच्या मंचावर आल्या, हे खरे. पण त्या मंचावर येण्याआधीच चळवळ उभी होती. माझ्या विभागातले आयरिश सहकारीही बदलाचा सगळा इतिहास एका खुर्चीशी नेऊन ठेवतात, तेव्हा मला अस्वस्थ वाटते.

नाव न देता, डब्लिन

मी समलिंगी आहे आणि रत्नागिरीकडचा आहे. १९८० साली जोनी क्रोन या बाईंनी ‘लेट लेट’वर येऊन आपण समलिंगी असल्याचे उघड सांगितले, आणि पुरुषांमधले संबंध मात्र इथे १९९३ पर्यंत गुन्हाच राहिले. माझा साथीदार तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला वडिलांनी खोलीबाहेर पाठवले, आणि दाराच्या फटीतून त्याने त्या बाईंचे फक्त बूट पाहिले. बर्न यांच्या अंत्यविधीला देशाचे पंतप्रधान म्हणून उपस्थित होते ते लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे मूळ असलेले आणि उघडपणे समलिंगी. साथीदार ते पाहताना मला त्या बुटांविषयी पहिल्यांदा बोलला.

विद्यार्थी, लिमरिक

मी बर्न यांना ओळखतो तो त्यांच्या म्हातारपणीच्या एका मुलाखतमालिकेतून, जिच्यात ते पाहुण्यांना देव, मरण आणि श्रद्धा यांविषयी विचारत. २०१५ मध्ये इंग्रज अभिनेते स्टीफन फ्राय यांना त्यांनी विचारले की स्वर्गाच्या दारात देव भेटलाच तर काय म्हणाल. फ्राय यांनी लहान मुलांच्या हाडांच्या कर्करोगापासून सुरुवात करून देवाला जे सुनावले, त्यावरून पुढे ईशनिंदेची तक्रार झाली, पोलिसांनी चौकशी केली, २०१७ मध्ये ती सोडून दिली. ऑक्टोबर २०१८ च्या सार्वमताने तो गुन्हाच घटनेतून गेला.

वरचे प्रतिसाद वाचून मी ती मुलाखत काल पुन्हा पाहिली. ऐंशी वर्षांच्या, जन्मभर चर्चच्या सावलीत राहिलेल्या त्या माणसाचा चेहरा ऐकता ऐकता आक्रसत जातो, पण तो फ्राय यांना मधे तोडत नाही. असे बोलून तुम्हाला आत घेतील असे वाटते का, एवढेच शेवटी विचारतो, आणि उत्तरही पूर्ण ऐकून घेतो. मग मी गॉलवेच्या ताईंनी लिहिलेले १९९३ चे चित्रण लावले. देवाला इतके बोलणाऱ्या पाहुण्याला जेवढी सवड मिळाली, तेवढी बिशपाविषयी बोलणाऱ्या बाईला मिळाली नव्हती.